तमिळ शब्दांची सोयरीक

तमिळ शब्दांचे इतर भाषांतील शब्दांशी काय नाते आहे, हा भाषाशास्त्रातला दोनशे वर्षे चाललेला वाद आहे. संस्कृत ‘नीर’, ग्रीक ‘ओरुझा’, मलाय ‘कापाल’, जपानी ‘हाताके’ (शेत) आणि मराठी ‘आत्या’ हे सगळे शब्द कोणी ना कोणी तमिळशी किंवा तिच्या कुळाशी जोडले आहेत. पण या जोडण्या एका जातीच्या नाहीत. दोन भाषांत सारखे दिसणारे शब्द एकाच पूर्वभाषेतून उतरलेले असू शकतात. एकीने दुसरीकडून, किंवा दोघींनी तिसरीकडून, ते उसने घेतलेले असू शकतात. एखाद्या समाजाने आपली बोली सोडून नवी भाषा स्वीकारताना जुने शब्द सोबत आणलेले असू शकतात. आणि सारखेपणा निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. यांतल्या प्रत्येक प्रकाराला वेगळा पुरावा लागतो. तो कोणत्या प्रकारचा हवा हे न ठरवता केलेली तुलना कितीही शब्द गोळा केले तरी पुढे सरकत नाही.

तमिळ भाषेचे लेख किमान इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून तमिळ ब्राह्मी लिपीत सापडतात आणि संघम् काळातील काव्य व ‘तोल्काप्पियम्’ हे व्याकरण ही द्राविड कुळातील सर्वांत जुनी ग्रंथपरंपरा आहे. त्यामुळे कुळातला कोणताही जुना शब्द ‘तमिळ’ म्हणून सांगण्याची सवय लागली आहे. ती दिशाभूल करते. वैदिक भाषेने द्राविड शब्द घेतले तेव्हा ते वायव्येतील किंवा मध्य भारतातील एखाद्या द्राविड बोलीतून घेतले असणार. त्या बोलीला आज नाव नाही. काही बाबतींत तर कन्नड तमिळपेक्षा जुने रूप जपते. कानाला कन्नडमध्ये ‘किवि’ आणि तमिळमध्ये ‘सेवि’ म्हणतात. इथे मूळ ‘क’ कन्नडने राखला आणि तमिळने बदलला. ‘इ’, ‘ए’ या स्वरांपूर्वीच्या ‘क’चा तमिळमध्ये ‘च’ होतो (आजचा उच्चार ‘स’), आणि हा बदल शब्दामागून शब्दात नियमाने आढळतो. कन्नड ‘किऱु’ (लहान) आणि तमिळ ‘सिऱु’ ही जोडी त्याच नियमाची.

कुळाची कल्पना प्रथम मद्रासमध्ये मांडली गेली. फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजशी संबंधित फ्रान्सिस व्हाइट एलिस याने १८१६ मध्ये कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात दाखवले, की तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषांचे धातू एकमेकांशी जुळतात आणि ते संस्कृतातून आलेले नाहीत. चाळीस वर्षांनी, १८५६ मध्ये, तिरुनेलवेली भागात काम करणाऱ्या रॉबर्ट काल्डवेलच्या तौलनिक व्याकरणाने ‘द्राविड’ हे कुळनाम रूढ केले. या अभ्यासाचा कळस म्हणजे टी. बरो आणि एम. बी. एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश. तो १९६१ मध्ये निघाला आणि १९८४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात साडेपाच हजारांच्या आसपास शब्दगट आहेत. तमिळविषयी कुठलाही दावा तपासायचा तर पहिली पायरी हाच कोश.

कुळातले नाते किती घट्ट असते हे ‘डोळा’ या एका शब्दावरूनही दिसते. तमिळ ‘कण्’, तेलुगू ‘कन्नु’, कन्नड ‘कण्णु’, गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंडीत ‘कन्’, झारखंडच्या कुडुखमध्ये ‘खन्न’ आणि थेट बलुचिस्तानातल्या ब्राहुईत ‘खन्’. उत्तरेकडील भाषांत ‘क’चा घर्षक ‘ख’ होतो आणि तो असाच इतर शब्दांतही होतो. तमिळ ‘पाल्’ (दूध) व ‘पुलि’ (वाघ) यांची आधुनिक कन्नड रूपे ‘हालु’ व ‘हुलि’, कारण मध्ययुगात कन्नडच्या आद्य ‘प’चा ‘ह’ झाला. २०१८ मध्ये वीस द्राविड भाषांच्या मूलभूत शब्दसंग्रहावर संख्याशास्त्रीय पद्धतीने केलेल्या अभ्यासात या कुळाचे वय सुमारे साडेचार हजार वर्षे निघाले.

ध्वनिनियम बाजूला ठेवून नुसत्या कानावर विसंबले तर काय होते, याचे उत्तम उदाहरण आकड्यांत आहे. तमिळमध्ये आठला ‘एट्टु’ म्हणतात. मराठी ‘आठ’, इंग्रजी ‘एट’ यांच्याशी साम्य डोळ्यांत भरते. पण ऐंशीला तमिळ शब्द आहे ‘एण्पदु’ आणि कन्नडमध्ये आठ म्हणजे ‘एंटु’. म्हणजे मूळ अंग ‘एण्’ आहे, त्यातला ‘ण्’ पुढच्या ‘ट’मध्ये मिसळून ‘एट्टु’ झाले. मराठी ‘आठ’ मात्र ‘अष्ट’वरून आला. दोन्ही शब्द आपापल्या वाटेने चालत येऊन एका जागी भेटले इतकेच. असे योगायोग विरळ नाहीत. ऑस्ट्रेलियातील म्बाबारम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत, आणि फारसी ‘बद’ व इंग्रजी ‘बॅड’ यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

संस्कृतातील द्राविड शब्दांचा शोध जर्मन मिशनऱ्यांनी नेटाने सुरू केला. मल्याळमचे कोशकार हेर्मान गुंडर्ट यांनी १८६९ मध्ये आणि कन्नडचे कोशकार फर्डिनांड किटेल यांनी १८७२ मध्ये अशा शब्दांच्या याद्या छापल्या. विसाव्या शतकात बरो यांनी त्या काटेकोरपणे तपासल्या. आज ज्यांवर बऱ्यापैकी एकमत आहे असे शब्द म्हणजे नीर, मीन, वलय, पल्ली, ‘खळे’ या अर्थाचा खल (तमिळ ‘कळम्’), केतकी, एला, अगरु (तमिळ ‘अगिल्’), चंदन (तमिळ ‘सांदु’ म्हणजे उटी, लेप). यांतले बरेचसे वनस्पती, पाणी, शेती आणि वस्ती यांचे शब्द आहेत. नव्या प्रदेशात येणारे लोक असलेच शब्द आधी उचलतात, म्हणून ही यादी पटण्याजोगी आहे. मोत्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. मन्नारच्या आखातातील मोत्यांना तमिळमध्ये ‘मुत्तु’ म्हणतात. त्याचे संस्कृत ‘मुक्ता’ झाले ते प्राकृतातल्या ‘त्त’च्या जागी संस्कृतात ‘क्त’ असतो या सवयीने, आणि मग ‘शिंपल्यातून सुटलेली ती मुक्ता’ असा अर्थ लावला गेला.

वादाचे शब्दही कमी नाहीत. ‘फल’ हा तमिळ ‘पऴम्’शी जोडतात, पण त्याची संस्कृत धातूवरूनही व्युत्पत्ती सांगता येते. ‘मयूर’ तमिळ ‘मयिल्’च्या जवळचा आहे, पण संथाळीत मोराला ‘माराक’ म्हणतात, तेव्हा मुंडा कुळाचाही हक्क पोचतो. डच विद्वान एफ. बी. जे. कायपर यांनी १९९१ मध्ये ऋग्वेदातील सुमारे ३८० परके वाटणारे शब्द वेगळे काढले. त्यांतले निर्विवाद द्राविड थोडे, आणि पुष्कळांचे मूळ कुठल्याच ज्ञात कुळात सापडत नाही. पॉल थीमे यांना तर इतके परके शब्द मान्यच नव्हते. मिखाएल विट्झेल यांच्या मते ऋग्वेदाच्या सर्वांत जुन्या थरात द्राविड शब्द जवळजवळ नाहीत, ते नंतरच्या मंडलांपासून दिसू लागतात. हे खरे असेल तर सिंधूकाठची मूळ भाषा द्राविड होती या लोकप्रिय समजुतीला बाध येतो. या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी राजकीय आवेश फार आहे. शब्दांचा पुरावा मात्र दोघांनाही हवे तेवढे देत नाही.

संस्कृतकडून तमिळकडे आलेला प्रवाह अधिक रुंद आणि अधिक स्पष्ट आहे. तोल्काप्पियम् शब्दांचे चार वर्ग करते आणि त्यांतला एक ‘वडसोल्’, म्हणजे उत्तरेचा शब्द, असा आहे. तमिळ शब्द ‘र’ किंवा ‘ल’ने सुरू होत नाही, म्हणून ‘लोक’चे ‘उलगम्’ झाले, राजाचे ‘अरसन्’ आणि लंकेचे ‘इलंगै’. हजाराला तमिळमध्ये ‘आयिरम्’ म्हणतात. कन्नड ‘साविर’ शेजारी ठेवले की ‘सहस्र’पासूनची वाट उघडी होते. १९१६ मध्ये स्वामी वेदाचलम् यांनी ‘तनित्तमिऴ्’ म्हणजे शुद्ध तमिळची चळवळ सुरू केली आणि स्वतःचे नाव शब्दशः तमिळ करून ‘मऱैमलै अडिगळ्’ असे घेतले. या चळवळीने तमिळ गद्याला हजारो विसरलेले शब्द परत दिले. मात्र पूर्वग्रहाने व्युत्पत्ती ठरवण्याची वाईट सवयही तिच्यातूनच वाढली: तमिळमध्ये असलेला शब्द मुळात तमिळच, असे गृहीत धरून चालणे.

याच्या नेमक्या उलट चुकीची नोंद कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात करून ठेवली आहे. ‘तन्त्रवार्तिका’त ते सांगतात की द्राविडादी भाषांतले शब्द ऐकून आर्य लोक त्यांना संस्कृतासारखे प्रत्यय लावतात आणि मग भलता अर्थ काढतात. भाताला तिकडे ‘चोर्’ म्हणतात, त्याचा इकडे ‘चोर’ होतो. सापाच्या शब्दाचे ‘पाप’ होते आणि पोटाच्या शब्दातून ‘वैरी’ निघतो. आजच्या तमिळमधले ‘सोऱु’, ‘पांबु’, ‘वयिऱु’ हेच ते शब्द. तेराशे वर्षांपूर्वी एका मीमांसकाने तमिळसारख्या भाषेचे शब्द अर्थासह नोंदवावेत, एवढेच नव्हे तर ध्वनिसाम्याच्या मोहाविरुद्ध इशारा द्यावा, ही भारतीय भाषाविचारातली फार मोठी गोष्ट आहे आणि तिला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही.

मराठीचा प्रश्न वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्र ही द्राविड आणि आर्य भाषांची सीमा आहे, आणि ती सीमा आजही नकाशावर आहे: विदर्भात गोंडी आणि यवतमाळकडे कोलामी या द्राविड भाषा अजून घराघरांत बोलल्या जातात. दुसऱ्या शतकातील सातवाहनांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला तमिळशी अगदी मिळतीजुळती द्राविड भाषा आहे. तिच्यात ‘मकन्’, म्हणजे मुलगा, हा शब्द चतुर्थीच्या प्रत्ययासह येतो. हालाच्या ‘गाहासत्तसई’ या प्राकृत गाथासंग्रहात ‘अत्ता’ हा सासूसाठीचा शब्द आहे. तमिळ ‘अत्तै’चे दोन अर्थ आहेत, बापाची बहीण आणि सासू. जिथे आते-मामे भावंडांत लग्ने होतात तिथे हे दोन अर्थ एका शब्दात राहणे स्वाभाविक आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतीय आप्तसंबंधांचा अभ्यास करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण पद्धतींच्या मधला पट्टा ठरवले, कारण इथे अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत होती. म्हणून ‘आत्या’ या शब्दामागे समाजरचनेचा पुरावा उभा आहे, आणि ध्वनिसाम्यापेक्षा त्याचे वजन जास्त आहे.

मात्र मराठीतले द्राविड शब्द बहुतांशी कन्नड-तेलुगूच्या वाटेचे आहेत. ‘तूप’ म्हणजे कन्नड ‘तुप्प’. तमिळमध्ये तुपाला ‘नेय्’ म्हणतात. ‘अण्णा’, ‘अक्का’ तमिळमध्येही आहेत, पण मराठीत ते शेजारच्या कन्नडमधून आले असणे अधिक संभवते. ‘अडकित्ता’ कन्नड ‘अडकोत्तु’चा, त्यातले ‘अडके’ म्हणजे सुपारी, तमिळमध्ये ‘अडैक्काय्’, मल्याळममध्ये ‘अडय्क्क’. हाच मल्याळम शब्द पोर्तुगिजांनी ‘अरेका’ करून युरोपात नेला, तेव्हा सुपारीच्या झाडाचे शास्त्रीय नाव आणि घरातला अडकित्ता एकाच मुळाचे निघतात. ‘चिल्लर’ मात्र तमिळ ‘सिल्लऱै’शी थेट जुळतो, आणि ‘पिल्लू’ हा ‘पिळ्ळै’चा (मूल) सोयरा दिसतो.

शब्दांपेक्षा वाक्यरचना अधिक खोल जाते. तमिळमध्ये ‘आम्ही’साठी दोन सर्वनामे आहेत, ऐकणाऱ्याला धरून ‘नाम्’ आणि त्याला वगळून ‘नांगळ्’. मराठीने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा तोच भेद राखला आहे. हिंदीत ‘हम’ एकच. ‘तो येतो म्हणून सांगितले’ या रचनेतला ‘म्हणून’ तमिळ ‘एन्ऱु’ (म्हणून) याच्याच जागी आणि त्याच कामाला येतो. एमेनो यांनी १९५६ च्या एका प्रसिद्ध निबंधात असल्याच वैशिष्ट्यांवरून भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये एक पाऊल पुढे टाकले आणि मराठी ही द्राविड बोलणाऱ्या समाजांनी प्राकृत स्वीकारताना घडलेली मिश्र भाषा असावी, असे सुचवले. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली यांतल्या ‘-वली’चा संबंध त्यांनी ‘पळ्ळि’शी (तिरुचिरापल्लीतला ‘पल्ली’) लावला. ‘पल्ली’ संस्कृतातही असल्याने एका नावावरून काही सिद्ध होत नाही. त्यांचा युक्तिवाद अशा नावांच्या भौगोलिक विखुरणीवर, कोकणपट्टीत त्यांच्या झालेल्या गर्दीवर उभा आहे आणि म्हणून तो विचारात घ्यावा लागतो.

विश्वनाथ खैरे यांची मांडणी याहून धाडसी होती. ‘द्रविड महाराष्ट्र’ आणि ‘अडगुलं मडगुलं’ या पुस्तकांतून त्यांनी संस्कृत, मराठी, तमिळ या तिन्हींचा एकत्र विचार करणारा ‘संमत’ सिद्धान्त मांडला. बडबडगीते, देवतांची नावे, गावांची नावे यांचे अर्थ त्यांनी तमिळच्या मदतीने लावले. मराठी वाचकांचे लक्ष दक्षिणेकडे वळवण्याचे त्यांचे काम मोलाचे आहे. पण त्यांच्या जुळण्यांना ध्वनिनियमांचे बंधन नाही, आणि एकेका नावासाठी वेगळा खुलासा असतो. ज्यूल ब्लॉख यांच्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथापासून किंवा कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशापासून पुढे जायचे तर द्राविड बाजू माहीत असलेला नवा मराठी व्युत्पत्तिकोश हवा, आणि तो एकट्यादुकट्याचे काम नाही.

उलट दिशेचा एक छोटा प्रवाह तंजावरच्या भोसल्यांमुळे वाहिला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तिथे मराठी घराणे होते, आणि ‘लावणि’ हा शब्द व तो काव्यप्रकार तमिळमध्ये रुजला. मदन जळला की नाही यावर दोन बाजू गाऊन वाद घालतात तो हाच प्रकार.

समुद्रापलीकडच्या शब्दांत व्यापाराचा पुरावा फार उपयोगी पडतो, कारण तिथे वस्तू आणि शब्द बरोबर फिरतात. तांबड्या समुद्रावरील कुसैर अल-कदीम या इजिप्शियन बंदरात ‘कणन्’, ‘सातन्’ ही नावे तमिळ ब्राह्मीत लिहिलेली खापरे सापडली, आणि एका खापरावर शिंक्यात टांगायच्या मडक्याचा उल्लेख इरावतम् महादेवन् यांनी वाचला. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ दक्षिणेच्या किनाऱ्यावरील ‘संगारा’ नावाच्या, ओंडके एकत्र बांधून केलेल्या मोठ्या होड्या सांगतो. ही तमिळ ‘संगाडम्’ आणि मराठी ‘सांगड’; शब्द मात्र ‘संघाट’ या संस्कृत शब्दाचा दिसतो. तमिळ किनाऱ्यावरून गेलेला प्रत्येक शब्द तमिळ असतोच असे नाही.

आल्याचा प्रवास या सगळ्यांत सुरेख आहे. तमिळमध्ये आले म्हणजे ‘इंजि’ आणि मूळ म्हणजे ‘वेर्’. पालीत ‘सिंगिवेर’ आहे, संस्कृतात ‘शृङ्गवेर’, ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’, अरबीत ‘झंजबील’ (कुराणातही तो येतो), आणि ग्रीक रूपापासून लॅटिनमार्गे इंग्रजी ‘जिंजर’. तमिळ रूपात आरंभीचा ‘स’ नाही ही अडचण वाटते, पण दक्षिण द्राविड भाषांनी आद्य ‘च’ अनेक शब्दांत गाळला हे स्वतंत्रपणे ठाऊक आहे. म्हणजे शब्द उत्तरेकडे गेला तेव्हा तो ‘च’ जागेवर होता. संस्कृत ‘शृङ्ग’ हे आल्याच्या शिंगासारख्या आकारावरून मागाहून जुळवलेले. तरीही हा शेवटचा मुक्काम नव्हे: थाईमध्ये आल्याला ‘खिङ’ आणि चिनीत ‘जियांग’ म्हणतात, तेव्हा वनस्पतीबरोबर शब्दही पूर्वेकडून द्राविड भाषांत आला असण्याची शक्यता उरते.

तांदळाचे प्रकरण इतके सरळ नाही. ‘अरिसि’पासून ग्रीक ‘ओरुझा’ आणि तिथून ‘राइस’, असे अनेक पुस्तकांत बेधडक छापलेले असते. ग्रीकांना भात अलेक्झांडरच्या स्वारीच्या सुमारास नीट कळला आणि तो इराणमार्गे. पश्तो ‘व्रिझे’, फारसी ‘बिरिंज’ आणि संस्कृत ‘व्रीहि’ या रूपांशी ‘ओरुझा’ अधिक जवळचा आहे. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी आद्य द्राविड रूप ‘व’ने सुरू होणारे, ‘वरिंचि’सारखे मांडले. तसे असेल तर या सर्वांचे मूळ एक ठरेल, पण कोणी कोणाकडून घेतले ते ठरत नाही; सगळ्यांनीच एखाद्या लुप्त भाषेतून घेतले असेही काही अभ्यासक मानतात. ‘पेपर’ तर तमिळ ‘मिळगु’चा नाहीच, तो पिंपळीच्या ‘पिप्पली’चा. संत्र्याच्या जातीच्या फळाला तमिळमध्ये ‘नारत्तै’ म्हणतात. संस्कृत ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांखा’, इंग्रजी ‘ऑरेंज’ ही साखळी मात्र पुरेशी बळकट आहे.

याहून जुन्या काळात शिरले की जमीन भुसभुशीत होते. हिब्रू बायबलमध्ये शलमोनाच्या जहाजांनी आणलेल्या ‘तुक्की’ नामक प्राण्यांचा उल्लेख आहे, आणि काल्डवेलपासून तो तमिळ ‘तोगै’ (मोरपिसारा) मानला जातो. खाइम राबिन यांनी अशा हिब्रू शब्दांवर तमिळ-पॅलेस्टाइन व्यापाराचा अंदाज उभारला. पण ग्रीक बायबलच्या जुन्या पाठात त्या जागी मोर नाहीत, घडीव दगड आहेत, आणि काहींना तो शब्द इजिप्शियन माकडवाचक वाटतो. मेसोपोटेमियातील तेलवाचक ‘एल्लु’ आणि तमिळ ‘एळ्’ (तीळ) यांची जोडी आकर्षक आहे, कारण तीळ सिंधू संस्कृतीतून तिकडे गेल्याचे मानले जाते. २०२१ मध्ये बहता अंशुमाली मुखोपाध्याय यांनी अक्कादी ‘पीरु’ (हत्ती) हा शब्द दातासाठी असलेल्या द्राविड ‘पल्’-‘पील्’ शब्दगटाशी जोडला. हाच शब्द फारसीत ‘पील’ आणि अरबीत ‘फील’ झाला व मराठी बखरींतल्या पीलखान्यापर्यंत पोचला. इथे वस्तू होती, व्यापार होता, फक्त मधल्या भाषेचा लेखी दुवा नाही.

पूर्वेकडे असा अंधार नाही. थायलंडमधील ख्वान लुक पात येथे सोनाराचा कसोटीचा दगड मिळाला. त्यावर तमिळ ब्राह्मीत मालकाच्या नावासह ‘कल्’ (दगड) असे कोरले आहे. सुमात्रातील बारुसजवळ १०८८ सालचा तमिळ व्यापारी संघाचा शिलालेख आहे. त्या वाटेने मलायमध्ये गेलेले शब्द बाजाराचे आणि जहाजाचे आहेत: ‘कापाल’ (जहाज, ‘कप्पल्’), ‘कडाइ’ (दुकान, ‘कडै’), ‘मोडाल’ (भांडवल, ‘मुदल्’), ‘पती’ (पेटी), ‘कातिल’ (पलंग, ‘कट्टिल्’, मराठी खाटेच्या नात्यातला). शेजारच्या सिंहलीत ‘अक्का’, ‘कडे’ आणि पैशांसाठी ‘सल्लि’ इतके मुरले आहेत की बोलणाऱ्याला ते परके वाटत नाहीत.

युरोपीय भाषांत गेलेले शब्द बहुधा पोर्तुगिजांच्या तोंडून गेले: ‘कऱि’चे ‘करील’ आणि मग ‘करी’, ‘मांगाय्’च्या मल्याळम रूपाचे ‘मांगा’ आणि ‘मँगो’, ‘वेट्रिलै’चे ‘बीटल’. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये हा सगळा संसार नोंदलेला आहे. ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेले लाकूड. विल्यम डॅम्पियरने १६९७ मध्ये ‘कॅटामरान’ छापले, आणि आज ते नाव वेगळ्याच, दोन सांगाड्यांच्या होडीला लागते. ‘कॅश’ हा शब्द वाचकाला हमखास फसवतो. चिनी तांब्याच्या नाण्यांसाठी इंग्रजांनी वापरलेला ‘कॅश’ तमिळ ‘कासु’चा. रोकडीसाठीचा ‘कॅश’ मात्र पेटी या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा. एका शब्दकोशात शेजारी बसलेले हे दोघे एकमेकांचे कोणीच नव्हेत.

उरतो दूरच्या रक्तसंबंधाचा प्रश्न. काल्डवेलने द्राविड कुळ ‘सिथियन’ भाषांशी, म्हणजे फिनिश-हंगेरियनसारख्यांशी जोडले. बरो यांनी १९४३ मध्ये आणि स्टीफन टायलर यांनी १९६८ मध्ये शब्दयाद्या दिल्या, तरी नियमित ध्वनिसाखळी सिद्ध झाली नाही. त्याहून गंभीर प्रयत्न डेव्हिड मॅकॲल्पिन यांचा. त्यांनी १९७४ व १९८१ मध्ये इराणमधील लुप्त एलामी भाषा आणि द्राविड यांचे कुळ एक मानले आणि प्रत्ययांचीही तुलना केली. एलामीचे माहीत असलेले शब्दच थोडे, त्यामुळे सिद्ध करणेही कठीण आणि खोडणेही. कृष्णमूर्ती आणि गेओर्गी स्तारोस्तिन यांना पुरावा अपुरा वाटला.

जपानीशी नाते सांगणाऱ्यांत ओनो सुसुमु (१९१९–२००८) हे सर्वांत मोठे नाव. ते हौशी नव्हते. प्राचीन जपानीच्या कोशकारांत त्यांची गणना होते. १९७९ च्या सुमारापासून त्यांनी सुमारे पाचशे शब्दांची तमिळ-जपानी यादी सिद्ध केली, ध्वनिसंगती मांडल्या आणि जानेवारीच्या मध्यावरचा पोंगल व जपानमधला छोटा नववर्षोत्सव यांचीही तुलना केली. ओल्या भातशेतीबरोबर तमिळ लोक जपानला गेले, असे त्यांचे म्हणणे. काझामा कियोझो आणि मुरायामा शिचिरो यांनी त्यावर नेमकी टीका केली: अर्थ सैल धरले आहेत, एका जपानी ध्वनीला अनेक तमिळ ध्वनी चालवून घेतले आहेत, आणि आद्य द्राविड रूपाऐवजी तमिळ कोशातले हवे ते रूप उचलले आहे. पुरातत्त्वाप्रमाणे जपानमधली भातशेती कोरियातून गेली. शेवटी ओनो यांनीही रक्तसंबंधाऐवजी मिश्रणाची भाषा सुरू केली.

कोरियनसाठी होमर हल्बर्ट यांनी १९०५ मध्ये द्राविड भाषांशी तौलनिक व्याकरण लिहिले. आज या विषयावर बोलणारे बहुतेक जण ‘अप्पा’ आणि ‘ऑम्मा’ या कोरियन शब्दांपाशी सुरुवात करतात. नेमके हेच शब्द पुराव्यातून वगळायचे असतात. ओठ मिटून उघडले की ‘म’ आणि ‘प’ उमटतात, आणि मूल जे पहिले बोलते ते आईबाप स्वतःला लावून घेतात, हे रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये दाखवले. म्हणून जगभर असले शब्द सापडतात.

बास्क, वोलोफ अशा इतरही भाषांशी तुलना झाल्या; सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष आणि कवी लेओपोल्ड सेंघोर यांनी आफ्रिकी-द्राविड अभ्यासाला मनापासून उत्तेजन दिले. तमिळ हीच जगाची आद्य भाषा, हा दावा देवनेय पावाणर यांनी १९६६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सर्वांत टोकाला नेला. आद्यभाषा सिद्ध करायची तर सर्व भाषांचे शब्द तमिळमधून नियमाने काढून दाखवावे लागतील, आणि मानवी भाषेचे वय तमिळच्या ज्ञात इतिहासापेक्षा कित्येक पटींनी जास्त असल्याने ते अशक्य आहे. पण याच पावाणरांच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये तमिळनाडू सरकारने तमिळ व्युत्पत्तिकोशाचे काम सुरू केले. खेड्यांतली, शेतीची, सुतारकामाची, विणकामाची बोलीतली रूपे नोंदवण्यावर त्यांनी आयुष्यभर भर दिला. त्यांची जागतिक समीकरणे गळून पडली तरी ही रूपे तौलनिक अभ्यासाला लागतातच, कारण ‘इंजि’तला गळालेला ‘च’ किंवा ‘सेवि’तला बदललेला ‘क’ शोधायचा तर जितक्या जास्त बोलींची साक्ष मिळेल तितकी हवी असते.